कुणी ढकललं?

हेळवाकचा स्टॉप जवळ आला होता आणि आजी उठून उभ्या राहिल्या. हातात कापडी पिशवी, दुसरा हात पदर सावरायला. मी मागच्या सीटजवळ तिकिटं फाडत होते, म्हणजे मशीनवर काढत होते, पण आम्ही अजून 'फाडणं'च म्हणतो. "आजी, गाडी थांबू दे, मग उठा," असं ओरडले, तेवढ्यात रस्त्यावर वासरू आलं. ड्रायव्हर काकांनी ब्रेक दाबला आणि आजी दोन सीट पुढे जाऊन पडल्या. मनगट मोडलं.

त्यांना उचलून बसवल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "कुणी ढकललं गं मला?"

त्यांच्या मागे एक तरुण उभा होता. सगळी गाडी त्याच्याकडे बघायला लागली. तो बिचारा हात जोडून सांगत होता, "आईशप्पथ, मी हात पण लावला नाही." दोनचार जणांना ते पटलं नाही. एक बाई म्हणाल्या, ड्रायव्हरनंच ढकललं, असा ब्रेक मारतात का? मी अहवालात लिहिलं, "अचानक ब्रेक लागल्यामुळे तोल जाऊन पडल्या." सही केली, गाडी पाटणला नेली, तिथे आजींना दवाखान्यात पोचवलं. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. त्या मुलानं ढकललं नव्हतं. ड्रायव्हर काका तर दहा फूट पुढे, स्टेअरिंगवर. मग आजींना ढकललं कुणी?

मी बारावी सायन्स केलेलं आहे. फिजिक्स माझा आवडता विषय होता. पुढे शिकणं झालं नाही आणि एसटीत कंडक्टर म्हणून लागले. आता बरीच वर्षं चिपळूण–कराड आणि त्याच्या आसपासच्या फेऱ्या करते. दिवसातले सात-आठ तास चालत्या गाडीत उभी असते. त्यामुळे गतीचे नियम मला पुस्तकाच्या आधी टाचांमधून कळतात. तरी त्या प्रश्नाचं सरळ उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. ते आलं लेकीमुळे, ती नववीत गेल्यावर. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा 'गतीचे नियम'. ती मोठ्यानं वाचत होती: बाहेरून असंतुलित बल लागलं नाही, तर थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि सरळ रेषेत एकसमान वेगानं जाणारी तशीच जात राहते. मी भाकरी थापता थापता थांबले. म्हटलं, पुन्हा वाच.

आजींना कुणीच ढकललं नव्हतं. गाडी ताशी ४० किलोमीटरनं चालली होती, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. गाडीबरोबर आजीही सेकंदाला ११ मीटरनंच चालल्या होत्या, त्यांना ते जाणवत नव्हतं इतकंच. ब्रेक लागला तो गाडीला. चाकांना रस्त्यानं धरलं, चाकांनी गाडीला धरलं, गाडीच्या पत्र्यानं आजींच्या चपला धरल्या. पण कमरेच्या वरच्या आजींना कुणीच धरलं नव्हतं. त्या आपल्या ११ मीटरनं पुढे जात राहिल्या. म्हणजे चूक ढकलण्याची नव्हती, धरायला काही नव्हतं याची होती. त्यांचा हात दांडीवर असता, तर दांडीनं त्यांना मागे ओढलं असतं आणि गाडीबरोबर त्यांचाही वेग कमी झाला असता.

हे मी लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग आई, गाडी जोरात जात असली तरी आपल्याला काहीच लागत नाही?" मी म्हटलं, नाही. लागतो तो वेगातला बदल. ती म्हणाली, दाखव.

म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत तिला एक दिवस माझ्या फेरीला घेतलं. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तिचंही अर्धं तिकीट मीच काढलं. (तेव्हापासून गाड्यांना गर्दी किती वाढली ते कंडक्टरच्या खांद्यांना विचारा. पण बाजाराच्या दिवशी एकट्यादुकट्या बायका मोकळेपणानं प्रवास करताना दिसतात, ते बघून बरं वाटतं.) तिनं घरून शिवणाच्या डब्यातला काळा दोरा आणि सायकलच्या दुकानातून एक जड लोखंडी नट आणला होता. सामानाच्या रॅकच्या दांडीला दोरा बांधला, बरोबर ३० सेंटिमीटर लांब. नटाच्या मागे खिडकीच्या चौकटीला पुठ्ठ्याची पट्टी चिकटवली, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा. मध्ये शून्य.

हिशेब आम्ही आदल्या रात्री करून ठेवला होता. दोरा जितका कलेल तितकं त्वरण, म्हणजे वेग किती झपाट्यानं बदलतोय ते. ३० सेंटिमीटर दोऱ्याचा नट ३ सेंटिमीटर सरकला, म्हणजे दहावा हिस्सा, तर गाडीचं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूच्या त्वरणाच्या, दहाव्या हिश्श्याइतकं. गुरुत्वत्वरण ९.८, म्हणजे हे जवळजवळ १. दर सेकंदाला वेग सेकंदाला १ मीटरनं वाढतोय किंवा कमी होतोय. ३ सेंटिमीटरला १, ६ ला २, असं पाठ करून लेक खिडकीशी बसली. मी डबल बेल दिली.

पहिल्या गिअरला नट मागे गेला. थोडा झुलला आणि अडीच-तीन सेंटिमीटरवर टिकला. गिअर बदलताना क्षणभर मधे आला, पुन्हा मागे गेला. खेर्डीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, गाडीनं वेग घेतला, काटा ६० वर गेला आणि तिथे स्थिर झाला. लेक तिथूनच ओरडली, "आई, शून्य!" बाहेर झाडं धावत होती, वारा तोंडावर येत होता आणि नट सरळ खाली, घरात टांगल्यासारखा. खड्ड्यांमुळे थरथरत होता तेवढंच. स्टँडवर उभ्या गाडीत आणि ६० नं जाणाऱ्या गाडीत त्याच्या दृष्टीनं फरकच नव्हता. गॅलिलिओनं १६३२ साली हेच जहाजाबद्दल लिहून ठेवलंय: जहाज संथ, एकाच वेगानं चाललं असेल तर बंद खोलीतल्या माणसाला आत काहीही करून ते चाललंय की थांबलंय हे कळणार नाही. मला हे बारावीत माहीत होतं. पण पुठ्ठ्यावरच्या शून्यावर नट उभा बघितल्यावर अंगावर काटा आला, खरंच.

पुढच्या स्टॉपला ब्रेक लागला तसा नट पुढे. काका हळुवार हाताचे आहेत, तरी ६ सेंटिमीटर. म्हणजे २. हा रोजचा, साधा ब्रेक.

आता या २ चा माणसाच्या पायांशी काय संबंध, ते मी मुद्दाम काढलं, कारण आजींचं उत्तर तिथं आहे. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथं एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू, बेंबीच्या आसपास असतो, माझा साधारण ९० सेंटिमीटरवर. पाय जवळ ठेवून, तोंड पुढे करून उभी राहिले, तर मधल्या रेषेपासून अंगठ्यापर्यंत फार तर १२ सेंटिमीटरचा आधार. १२ ला ९० नं भागायचं आणि ९.८ नं गुणायचं, १.३ येतं. त्याच्यापुढे ब्रेक लागला की शरीर अंगठ्यावरून पुढे उलटतं, पाय उचलून टाकावाच लागतो. आणि साधा ब्रेक आहे २ चा! म्हणजे दांडी न धरता पाय जुळवून उभा राहिलेला माणूस अगदी शहाण्या ड्रायव्हरच्या गाडीतही पडायच्या बेतातच असतो. आजींच्या वेळी तर वासरू होतं.

नवीन कंडक्टरला जुने लोक पहिल्या दिवशी सांगतात, एक पाय पुढे, एक मागे, गुडघे सैल, कंबर सीटच्या दांडीला टेकव. मलाही असंच सांगितलं होतं. पायांत ५० सेंटिमीटर अंतर पडलं की आधार १२ चा २५ होतो आणि मर्यादा १.३ वरून २.७ वर जाते. साधा ब्रेक खपून जातो, दोन्ही हात तिकिटाला मोकळे राहतात. ज्यांनी हे शिकवलं त्यांनी आकडेमोड केली नव्हती. पण त्यांची पोझिशन बरोबर होती, सेंटिमीटर न् सेंटिमीटर.

पोफळीच्या पुढे कुंभार्ली घाट सुरू झाला आणि लेक गोंधळली. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, वेग एकसारखा, काटा हलत नाही, आणि नट मात्र दीड सेंटिमीटर मागे! तिनं मला बोलावलं. "आई, वेग वाढत नाहीये, मग त्वरण कुठून आलं?" मलाही पटकन सुचेना. गर्दीतनं तिकिटं काढत काढत विचार करत होते. मग उजेड पडला. दोरा सरळच होता. गाडी तिरकी होती! चढावर गाडीचं तोंड वर, शेपूट खाली, पुठ्ठा गाडीबरोबर तिरका झालेला. ज्या चढावर २० मीटर गेल्यावर १ मीटर उंची वाढते, तिथं ३० सेंटिमीटरचा दोरा पुठ्ठ्यावर दीड सेंटिमीटर मागे दिसणार. पण आत बसून डोळे मिटले तर तुम्ही चढताय की वेग घेताय हे नटाला सांगता येत नाही, पाठीलाही नाही. सीटला पाठ तशीच रेलते. हाच धागा १९०७ साली आइनस्टाइनला सापडला आणि तो धरून त्यानं पुढे गुरुत्वाकर्षणाचा सगळा विचार बांधला. लेकीला म्हटलं, तो भाग तू मोठी झाल्यावर मला शिकव.

घाटातल्या वळणावर नट बाहेरच्या बाजूला जायचा. एका आवळ वळणावर, वेग २० असेल, ६ सेंटिमीटर भरले. इथंही लोक म्हणतात, वळणावर गाडी बाहेर फेकते. फेकत नाही. गाडी आत वळते, आपण सरळ जायला बघतो, मग खिडकी किंवा शेजारचा माणूस आपल्याला आत ढकलतो. त्या आत ओढणाऱ्याला पुस्तकात अभिकेंद्री बल म्हणतात. गाडीसाठी ते बल मुख्यतः टायर आणि रस्ता यांच्या घर्षणातून येतं. आणि ते वेगाच्या वर्गानं लागतं. तेच वळण २० ऐवजी ३० नं घेतलं तर दीडपट नाही, सव्वादोन पट बल पाहिजे. पावसाळ्यात कुंभार्लीत दरडीचा लाल चिखल रस्त्यावर येतो, तेव्हा रस्ता तेवढं द्यायला तयार नसतो. अशा दिवशी काका वळणावर बैलगाडीसारखी गाडी चालवतात आणि मागून कुणीतरी म्हणतंच, "काय राव, चालत गेलो असतो." मी त्यांना उलट बोलत नाही. तिकिटाचे सुटे पैसे हातावर ठेवते आणि म्हणते, पोचू सगळे.

एका जुलैत चढावर गाडी चिखलात थांबली होती, ती पुन्हा उचलेना. इंजिन ओरडत होतं, मागची चाकं जागच्या जागी फिरत होती. मी उतरून चाकामागे दगड लावला आणि बघत उभी राहिले. तेव्हा कळलं की गाडीला पुढे नेतं ते इंजिन नाही. इंजिन फक्त चाक फिरवतं. चाक रस्त्याला मागे ढकलतं आणि रस्ता चाकाला पुढे ढकलतो, न्यूटनचा तिसरा नियम. रस्ता ढकलणारच नसेल तर कितीही ताकदीचं इंजिन असू दे, चिखल उडतो आणि गाडी तिथेच. चार जणांनी चाकाखाली खडी टाकली, मग ती निघाली.

न्यूटनचा दुसरा नियम, बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, आम्हाला रोज भेटतो, फक्त त्याचं नाव वेगळं असतं. "आज गाडी ओढत नाही." ड्रायव्हर असं म्हणाले की मी मागे वळून डोकी मोजते. रिकामी गाडी १० टनांची धरा. ६० माणसं चढली, सामानासकट माणशी ६० किलो धरलं, तर ३.६ टन वाढले. बल तेवढंच, वस्तुमान दहाचं साडेतेराच्या वर, म्हणजे त्वरण पाऊणपट. रिकामी गाडी दहा सेकंदांत जो वेग घेते त्याला भरल्या गाडीला साडेतेरा सेकंद. ओव्हरटेक करताना हे साडेतीन सेकंद फार मोठे असतात. समोरून ६० नं येणारा ट्रक तेवढ्या वेळात ५८ मीटर जवळ आलेला असतो. गाडी भरलेली असली की आमचे काका घाटरस्त्याला सहसा ओव्हरटेक करत नाहीत. त्यांनी कधी वस्तुमान हा शब्द उच्चारला नसेल, पण भरल्या गाडीत त्यांचा हातच वेगळा असतो.

लेकीनं विचारलं, एक न्यूटन म्हणजे किती? मी डब्यातला चिकू तिच्या तळहातावर ठेवला. शंभर ग्रॅमचा चिकू हाताला खाली जेवढं दाबतो, तेवढा साधारण एक न्यूटन. भरलेल्या एसटीला १ चं त्वरण द्यायला असे १३,६०० चिकू लागतात. ती बराच वेळ चिकूकडे बघत होती, मग खाऊन टाकला.

संध्याकाळी परतीला घाट उतरताना मी तिला मुद्दाम पुढच्या सीटवर बसवलं, काकांचा हात दिसेल असा. ज्या गिअरनं चढायचं त्याच गिअरनं उतरायचं, न्यूट्रल मारायचा नाही, हे एसटीत देवाच्या नावासारखं पाळतात. कारण सोपं आहे. घाटाची उंची ५०० मीटर धरा, गाडी १३.६ टन. एवढं वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा बाहेर पडते ती सहा कोटी ज्यूलच्या पुढे जाते. साध्या पाण्यात सांगायचं तर २०० लिटरचं पिंप नळाच्या पाण्यानं भरा आणि ते उकळी येईपर्यंत तापवा, तेवढी. वेग वाढू द्यायचा नसेल तर ही सगळी उष्णता कुठेतरी जायला हवी. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ती ब्रेकच्या ड्रममध्ये आणि त्याला घासणाऱ्या लायनरमध्ये जाते. मग तो जळका वास येतो, आणि ब्रेक दाबला तरी धरत नाही. गिअरमध्ये उतरलं की बरीचशी ऊर्जा इंजिन खातं, ब्रेक थंड राहतो, खऱ्या गरजेला उरतो. नट त्या वेळी पुढच्या बाजूला दीड सेंटिमीटर होता, सगळा उतार तिथेच. आमच्या बाजूला बसलेल्या मावशींच्या किटलीतलं दूधही पुढच्या काठाला तेवढंच वर चढून बसलं होतं, दोऱ्याशी बरोबर काटकोनात.

थांबायच्या अंतराचं कोष्टक लेकीनं त्या रात्री वहीत केलं. २ च्या साध्या ब्रेकनं ताशी ३० ची गाडी १७ मीटरमध्ये थांबते. ६० ची थांबते ६९ मीटरमध्ये. वेग दुप्पट, अंतर चौपट. शिवाय ड्रायव्हरला दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला, तर ६० ला ते आणखी १७ मीटर. एसटीला हात करून अगदी तोंडासमोर पळत येणाऱ्यांसाठी हे कोष्टक मला गाडीच्या दारावर लावायचंय. परवानगी मिळायची नाही, म्हणून इथं लिहिते. आम्ही थांबत नाही असं नाही हो. आमच्याजवळ तेवढे मीटर नसतात.

आजी परत भेटल्या दिवाळीनंतर. पोफळीलाच चढल्या. प्लास्टर निघालं होतं, पण मूठ पूर्ण वळत नव्हती. मला ओळखलं. पंचाहत्तरीच्या वर वय, तिकीट शून्याचं, तरी मशीनमधून निघालेला कागद त्यांनी नीट घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला. मी बाजूला टेकले आणि म्हटलं, आजी, त्या दिवशी तुम्हाला कुणी ढकललं नव्हतं. मग पदराच्या टोकाला गाठ मारून त्यांच्यासमोर लोंबती धरली आणि गाडीच्या ब्रेकबरोबर ती गाठ पुढे कशी जाते ते दोन स्टॉप दाखवलं. त्यांनी लक्ष देऊन बघितलं. म्हणाल्या, "म्हंजे त्या पोराचा दोष नव्हता."

"नव्हता."

"मी त्याला लई बोलले गं."

हेळवाक आलं. आजी उठल्या नाहीत. चांगला हात समोरच्या दांडीला घट्ट, नजर माझ्याकडे. ब्रेक लागला, सगळी गाडी थोडी पुढे झुकली आणि परत मागे आली. ब्रेकची हवा सुटल्याचा आवाज आला.

"थांबली का?"

मी पदराची गाठ बघितली. ती दोनदा हलली आणि सरळ राहिली. म्हटलं, "थांबली, उठा आता."